आधी मीठ मोजा

लेदर कोरल नावाचं एक प्रवाळ आहे. आकार अळिंबीच्या छत्रीसारखा, रंग मळकट पिवळा, आणि माथ्यावर शेकडो इवले हात पाण्याच्या ओढीबरोबर डुलत असतात. एखाद्या सकाळी हे सगळे हात आत ओढले जातात. अंग आक्रसतं, त्यावर मेणचट पापुद्रा चढतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, संपलं. नवशिका मालक घाबरतो. दुपारपर्यंत टाकीतलं निम्मं पाणी बदलतो, संध्याकाळी आयोडीनची बाटली आणून ओततो, दुसऱ्या दिवशी प्रवाळ उचलून दिव्याजवळ ठेवतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा तळाशी. आठवडाभरात पापुद्रा सुटून वाहून जातो, हात बाहेर येतात आणि मालक आयोडीनला दुवा देतो. खरं तर सापाने कात टाकावी तसं ते प्रवाळ अंगावरचं शेवाळ आणि कचरा झटकत होतं. त्याला काहीच झालेलं नव्हतं. त्या आठवड्यातल्या धावपळीत शेजारच्या दोन-तीन प्रवाळांना मात्र खरोखरच काहीतरी झालेलं असतं.

खारं पाणी, जिवंत खडक, प्रवाळं आणि चार-दोन रंगीत मासे यांच्या घरगुती टाकीला शौकीन ‘रीफ टँक’ म्हणतात. जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, जपान या देशांत हा छंद चांगला रुजला आहे. तिथल्या दुकानांत प्रवाळाच्या प्रत्येक दुखण्यावर बाटली मिळते आणि प्रत्येक बाटलीवर फुललेल्या प्रवाळाचं चित्र असतं. या छंदातली जुनी माणसं मात्र नवशिक्याला पहिला सल्ला देतात तो हात पाण्याबाहेर ठेवण्याचा.

भारतात राहणाऱ्या वाचकाने इथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कठीण सांगाड्याची रीफ-प्रवाळं, काळी पोवळी, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. ती समुद्रातून काढणं, विकणं, घरी बाळगणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची. महाराष्ट्रात ती पाहायची तर मालवणच्या समुद्रात, जिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. मुंबईतही हाजी अली आणि वरळीच्या खडकांना प्रवाळं चिकटलेली आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामाआड आलेल्या १८ वसाहती २०२० साली रीतसर परवानगी घेऊन शास्त्रज्ञांनी दुसरीकडे हलवल्या. तेव्हा पुढचा मजकूर आहे तो जिथे संवर्धन केलेलं प्रवाळ कायद्याने विकत घेता येतं अशा देशांतल्या टाक्यांचा. परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकाच्या तो थेट कामाचा. इथल्या वाचकाला निदान हे कळेल की समुद्रातलं प्रवाळ इतकं नाजूक का असतं.

प्रवाळ हा प्राणी आहे, जेलीफिशचा नातलग. एक पॉलिप म्हणजे एक पिशवी, तिला एकच तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारख्या शुंडकांचं कडं. अशा शेकडो-हजारो पिशव्या एकमेकींना जोडलेल्या राहतात आणि खाली चुनखडीचा सांगाडा बांधत जातात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. ते उजेडावर साखर तयार करतं आणि भाडं म्हणून घरमालकाला देतं. काही प्रवाळांच्या रोजच्या ऊर्जेतला नव्वद टक्क्यांपर्यंतचा वाटा या भाड्यातून येतो. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंगही बराचसा या भाडेकरूंचाच.

ओरडता येत नाही, पळता येत नाही, अशा या प्राण्याला तक्रार करायच्या पाच-सहाच रीती ठाऊक आहेत. तो मिटतो, पांढरा पडतो, तपकिरी पडतो, दिव्याकडे मान ताणतो, कडेपासून सोलत जातो. पंचाईत अशी की मीठ वाढलं तरी तो मिटतो, कमी झालं तरी मिटतो, शेजाऱ्याने डंख मारला तरी मिटतो आणि मालकाच्या हाताला क्रीम लावलेलं असलं तरी मिटतो. प्रवाळाकडे नुसतं पाहून निदान करणारा एक तर फार अनुभवी असतो किंवा फार उतावळा.

तरी एक फरक डोळ्यांनी करता यायलाच हवा, कारण त्यावर पुढचा सगळा वेग ठरतो. पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलंच असतं असं नाही. ताण आला की ते आपल्या भाडेकरूंना घराबाहेर काढतं. मग पारदर्शक मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसतो. भिंगातून पाहिलं तर पॉलिप जागच्या जागी असतात, बोटं हलत असतात. अशा प्रवाळाला मंद उजेड, स्थिर पाणी आणि बारीक खाद्य मिळालं तर काही आठवड्यांत ते रंग धरू शकतं. याउलट मांसच सोलून निघत असेल, बुडापासून वर किंवा टोकापासून खाली उघडा सांगाडा दिसू लागला असेल, तर ती निराळी गोष्ट. शौकीन तिचे दोन प्रकार मानतात, संथ आणि झटपट. संथ प्रकार आठवडे घेतो. झटपट प्रकारात संध्याकाळी धडधाकट दिसलेली फांदी दुसऱ्या सकाळी नुसता पांढरा हाडांचा गुच्छ झालेली असते आणि मांसाच्या चिंध्या पाण्यात तरंगत असतात. ॲक्रोपोरा जातीची नाजूक फांद्यांची प्रवाळं यात विशेष करून जातात.

कुठलाही प्रकार असो, विचारायचा पहिला प्रश्न असतो तो गेल्या दोन आठवड्यांत काय बदललं याचा. नवा दिवा, मिठाची नवी पिशवी, नवा मासा, शेजारच्या खोलीत रंगकाम, सुट्टीवरून परत येणं. ज्याच्याकडे तारीखवार वही असते त्याला याचं उत्तर पाच मिनिटांत सापडतं. ज्याच्याकडे नसते तो ‘काहीच बदललं नाही’ असं छातीठोकपणे सांगतो.

आणि मोजायची पहिली गोष्ट म्हणजे मीठ. नायट्रेट, फॉस्फेट, दुर्मिळ मूलद्रव्यं यांच्या चाचण्यांवर पैसे खर्च करून झाल्यावर शेवटी मिठाकडे वळणारे बरेच. काखेत कळसा म्हणतात तो हाच. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. २०० लिटरच्या टाकीत म्हणजे सात किलो मीठ. आता दिव्यांच्या आणि पंपांच्या उष्णतेने रोज तीन लिटर पाणी उडून गेलं असं धरू. उडतं ते गोडं पाणी. मीठ मागेच राहतं. ती तूट गोड्या पाण्यानेच भरायची असते. नवशिक्याला वाटतं, समुद्राची टाकी आहे, तेव्हा खारंच पाणी घालावं. तीन लिटरमागे रोज १०५ ग्रॅम जादा मीठ टाकीत जातं आणि दहा दिवसांत खारेपणा ३५ वरून ४० च्या पुढे सरकतो. प्रवाळं एकेक करून मिटतात आणि मालक रोगाचं नाव शोधत बसतो.

उलटा अपघातही तितकाच नेहमीचा. पाण्याची पातळी आपोआप राखणारं यंत्र असतं. त्याच्या सेन्सरवर गोगलगाय बसली की ते थांबायचं विसरतं. वीस लिटर गोडं पाणी रात्रीतून २०० लिटरच्या टाकीत गेलं की खारेपणा ३२ च्या खाली. अनुभवी शौकीन म्हणूनच गोड्या पाण्याचा साठा मुद्दाम छोटा ठेवतात. यंत्र बिघडलं तरी त्याच्या हाती फार पाणी नसतं.

मोजमापातही गंमत आहे. स्वस्त हायड्रोमीटरमधल्या प्लास्टिकच्या काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला की काटा वर चढतो आणि पाणी आहे त्याहून खारट दाखवतो. मालक पाणी पातळ करतो आणि नसलेल्या दुखण्यावर उपचार करून खरं दुखणं ओढवून घेतो. रिफ्रॅक्टोमीटर बरा, पण तो शुद्ध पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. वरच्या टोकाला तो चुकू शकतो, म्हणून ३५ च्याच प्रमाण-द्रावणावर तपासावा लागतो. त्यातले काही तर साध्या मिठासाठी बनवलेले असतात. समुद्राचं ३५ चं पाणी त्यांवर ३६.५ दिसतं.

मिठानंतर अल्कलिनिटी. शब्द जड आहे, पण प्रवाळ पाळणाऱ्यांच्या बोलण्यात तो दर दुसऱ्या वाक्याला येतो. पाण्यातले बायकार्बोनेट आणि कार्बोनेट हा प्रवाळाचा बांधकामाचा माल. त्यांच्या साठ्याचं माप म्हणजे ढोबळमानाने अल्कलिनिटी, आणि ती मोजतात डीकेएच या जर्मन एककात. समुद्रात ती सातच्या आसपास असते. टाक्यांत सात ते नऊ-दहापर्यंत राखतात. दुसरा माल कॅल्शियम, लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम. प्रवाळं चुनखडी बांधताना २.८ डीकेएच अल्कलिनिटी वापरतात तेव्हा कॅल्शियम जेमतेम २० मिलिग्रॅमने घटतं. म्हणजे एक साठा तिसऱ्या हिश्शाने आटतो आणि दुसऱ्याला ओरखडाही पडत नाही. भिंत बांधताना वाळूचा ढीग तसाच आणि सिमेंट मात्र संपलेलं, असं हे गणित. आठवड्यातून एकच चाचणी करायची असेल तर ती अल्कलिनिटीची करावी, ती याचसाठी.

एक नमुनेदार घटनाक्रम पाहा. मालक दहा दिवस गावाला जातो. माल पुरवणाऱ्या पंपाची बारीक नळी क्षार साचून तुंबते. अल्कलिनिटी साडेआठवरून सहावर येते. प्रवाळांची वाढ थांबते, पण ती हळू घसरण त्यांनी सोसलेली असते. मालक परततो, चाचणी करतो, हादरतो आणि त्याच संध्याकाळी अल्कलिनिटी नऊवर नेऊन ठेवतो. फांद्यांची टोकं पांढरी पडतात ती त्यानंतर. दिवसाला एक डीकेएचहून जास्त चढवायची नाही, हा नियम अशाच संध्याकाळींनी शिकवलेला आहे. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट अगदी कमी आणि अल्कलिनिटी अकरा-बाराच्या घरात, या जोडीनेही टोकं अशीच ‘जळतात’.

या बाबतीत औषध मात्र फारच घरगुती आहे. अल्कलिनिटी वाढवायला साधा खाण्याचा सोडा चालतो: २०० लिटर पाण्यात सहा ग्रॅम सोडा साधारण एक डीकेएच चढवतो. तोच सोडा भट्टीत तापवला की धुण्याच्या सोड्यात बदलतो आणि मग पाण्याचा पीएचही वर नेतो. दुसरा उपाय तर आपल्या पानाच्या तबकातूनच आल्यासारखा. जर्मन शौकिनांनी ज्याला ‘काल्कवासर’ म्हटलं ती म्हणजे चुन्याची निवळी. १९७०च्या दशकात पेटर विल्कन्स यांनी ती प्रवाळांच्या टाकीत थेंबाथेंबाने सोडण्याचा पुरस्कार केला. तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही मिळतात, तेही प्रवाळ वापरतं त्याच प्रमाणात. निवळीचा पीएच बाराच्या वर असतो, म्हणून तिला थेंबांची शिस्त. एकदम ओतली तर टाकीत बर्फ पडल्यासारखा पांढरा गाळ होतो आणि मासे श्वासासाठी वर येतात.

पीएचचं कोडं कधीकधी टाकीत नसून घरात असतं. थंड प्रदेशांत हिवाळ्यात खिडक्या महिनोन्‌महिने बंद. घरातल्या माणसांच्या श्वासाने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात मुरतो आणि पीएच ७.८ च्या खाली येतो. बाटल्या ओतून तो वर येत नाही. एक खिडकी उघडली किंवा स्किमर या फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची हवेची नळी घराबाहेर सोडली की येतो. खर्च शून्य.

आता थोडं अति स्वच्छतेच्या दुखण्याबद्दल, कारण गेल्या काही वर्षांत तेच जास्त दिसतं. पूर्वी टाकीतली घाण हा मुख्य शत्रू मानला जाई: खाद्य जास्त, नायट्रेट-फॉस्फेट जास्त, शेवाळ माजलेलं, प्रवाळं तपकिरी पडलेली. त्यावर उपाय निघाले, आणि ते गरजेपेक्षा चांगले निघाले. जोरदार स्किमर आणि लोह-ऑक्साइडचे दाणे पाण्यातलं फॉस्फेट शून्यावर नेऊन ठेवतात. टाकी स्फटिकासारखी स्वच्छ दिसते आणि प्रवाळं उपाशी फिकट पडत जातात. त्यांच्या पोटातल्या शैवालालाही खत लागतं, ही साधी गोष्ट स्वच्छतेच्या नादात विसरली जाते. २०१३ साली ब्रिटनच्या साउदॅम्प्टन विद्यापीठात यॉर्ग विडेनमान यांच्या गटाने दाखवून दिलं की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट अपुरं अशा पाण्यात प्रवाळातलं शैवाल कमकुवत होतं, त्याच्या पेशींच्या पटलांतले स्निग्ध पदार्थ बदलतात, आणि मग एरवी सोसली असती अशा उष्णतेत आणि उजेडातही प्रवाळ पांढरं पडतं. तो अभ्यास समुद्राच्या काळजीपोटी झाला, पण घरोघरच्या टाक्यांनाही तो लागू पडला. दोन्ही आकडे शून्यावर गेले की आणखी एक पाहुणा येतो: डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव. वाळूवर आणि खडकांवर बुडबुडे अडकलेली तपकिरी, शेंबडासारखी दोरी लोंबू लागते आणि ती खाल्लेल्या गोगलगायी मरू लागतात. मालक ती घाण समजून आणखी सफाई करतो. जखम मांडीला, मलम शेंडीला. अशा वेळी माशांना दोन घास जास्त घालणं हा खरा उपचार असतो. लिटरला फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम आणि नायट्रेट पाच-दहाच्या आत, एवढ्यावर बहुतेक टाक्या सुखाने नांदतात.

दिव्याची गोष्ट त्यामानाने सरळ. एलईडीचा नवा दिवा आणला, पहिल्याच दिवशी पूर्ण तेजावर लावला, की आठवड्यात वरची प्रवाळं पांढरी. वर्षभर सावलीत बसलेल्या माणसाला वैशाखाच्या दुपारी शेतात उभं करावं तसा हा प्रकार. निम्म्या तेजापासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत चढत जावं. उजेड कमी पडला तर प्रवाळ उंच ताणतं, तपकिरी होतं. ते लवकर मरत नाही. शंका असेल तर दिवा मंदच ठेवावा.

उष्णतेचा अपराधी बहुधा हीटर. त्याचा थर्मोस्टॅट जुना झाला की ‘चालू’वरच अडकतो आणि पंचवीस-सव्वीस अंशांची टाकी सकाळपर्यंत तिशी ओलांडते. एका मोठ्या हीटरऐवजी दोन छोटे आणि वर वेगळा नियंत्रक, ही युक्ती त्यामुळेच रूढ झाली. एक अडकला तरी एकट्याच्या अंगात टाकी उकडायची ताकद नसते.

पाण्याचे सगळे आकडे ठीक आणि एकच प्रवाळ कुढतंय, असं असेल तर टाकीतल्या शेजारीपाजाऱ्यांकडे पाहावं. तेही रात्री, दिवे मालवल्यावर, तांबड्या टॉर्चने. दिवसा शालीन दिसणारं गॅलॅक्सिया नावाचं प्रवाळ रात्री वीतभर लांब, विषारी धागे बाहेर सोडतं आणि प्रवाहाबरोबर ते जिथे पोचतील तिथल्या शेजाऱ्याला भाजून काढतं. जागेसाठी भाऊबंदकी प्रवाळांतही आहे. लेदर कोरलचा काटा आणखी छुपा: ते पाण्यात रसायनं सोडून दूरच्या कठीण प्रवाळांची वाढ रोखतं. त्यावर सक्रिय कोळशाची पिशवी बऱ्यापैकी काम करते. कधी अपराधी निघतो तो सगळ्यांचा लाडका क्लाउनफिश. राहायला सी ॲनिमोन न मिळाल्याने तो टॉर्च कोरल नावाच्या प्रवाळातच अंग घासत बसतो आणि ते बिचारं दिवसेंदिवस उघडत नाही.

कधी दोष लोखंडाचा. लाटा उठवणाऱ्या पंपातल्या चुंबकावरचं प्लास्टिकचं कवच तडकतं, चुंबक गंजतो आणि धातू पाण्यात उतरत राहतात. घरगुती चाचणीत हे दिसत नाही. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो किंवा एकेक पंप उघडून हाताने पाहावा लागतो. तांब्याचं तर प्रवाळांशी हाडवैर. नळाच्या पाण्यातून, पितळी जोडातून, माशांच्या औषधातून ते आलं की आधी गोगलगायी आणि कोळंबी जातात, मग प्रवाळं. नळाचं पाणी गाळून, आरओ आणि रेझिनमधून काढून, शून्य टीडीएसवर आणूनच वापरायचं ते याच भीतीने.

किडींचं प्रकरण किळसवाणं आणि तितकंच रंजक आहे. ॲक्रोपोरा खाणारा एक चपटा कृमी आहे, अमाकुसाप्लाना ॲक्रोपोरी. तो प्रवाळाच्याच रंगाचा होऊन त्याच्यावर पडून राहतो. दिसतात ते फक्त त्याने घेतलेल्या चाव्यांचे गोल फिकट ठसे. शौकिनांच्या टाक्यांत तो आधीपासून धुमाकूळ घालत होता. शास्त्राने त्याला नाव दिलं ते २०११ साली. नवं प्रवाळ औषधी पाण्यात बुडवून हलवलं की हे कृमी गळून पडतात, पण सांगाड्यावर चिकटवलेली त्यांची अंडी त्याला दाद देत नाहीत. म्हणून ती नखाने किंवा सुरीने खरवडायची आणि प्रवाळ काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा बुडवायचं. अर्ध्या मिलिमीटरचे तांबडे किडे ही दुसरी पीडा. त्यांच्यावर शौकिनांनी शोधलेलं औषध ऐकून हसू येतं: कुत्र्यांच्या हृदयकृमीवरची गोळी. ती लागू पडते, पण टाकीतली कोळंबी आणि खेकडेही घेऊन जाते.

जाड, मांसल पॉलिप असलेल्या युफिलियासारख्या प्रवाळांवर कधी तपकिरी, दुर्गंधी जेली पसरते. इथे मात्र थांबायचं नाही. जेली नळीने ओढून टाकीबाहेर काढावी आणि बाधित डोकी तोडून वेगळी करावीत. वाहत गेलेला तिचा ठिपका शेजारच्या फांदीवर बसला की ती फांदीही जाते. हात आवरा, या सल्ल्याला हा खरा अपवाद.

एक धोका मात्र माणसाचाच आहे आणि तो गमतीत घेण्यासारखा नाही. पॅलिथोआ आणि तिच्या काही नातलग प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे निसर्गातल्या जहाल विषांपैकी एक असतं. खडकावर ती माजली म्हणून खडक उकळणं, त्यावर गरम पाणी ओतणं किंवा कोरडा घासणं यातून वाफेवाटे किंवा तुषारांतून हे विष नाकात जातं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१५ साली अलास्कातल्या घरांत आणि मत्स्यालयांच्या दुकानांत असं विष श्वासावाटे गेल्याच्या संशयित घटनांचा अहवाल प्रसिद्ध केला: ताप, खोकला, श्वास लागणं. असं प्रवाळ हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. खडक उकळायचा तर मुळीच नाही.

एवढं सगळं करूनही फांदी बुडापासून सोलत वर चालली असेल तर शेवटचा उपाय कात्रीचा. निरोगी भागात, सोललेल्या रेषेपासून बोटभर वर, फांदी कापायची आणि नव्या जागी चिकटवायची. मूळ झाड जातं, कलम जगतं. प्रवाळांची ही कलमं करण्याची रीत जुनी आहे. १९८०च्या दशकात बर्लिनच्या डीट्रिश श्ट्यूबर यांनी आपल्या टाकीत एक ॲक्रोपोरा वाढवलं आणि त्याच्या फांद्या कापून इतर शौकिनांना वाटल्या. ज्या जातीला घरात जगवणंच अशक्य मानलं जाई तिची लेकरं अशी हातोहात टाकीतून टाकीत गेली. एका जागचं प्रवाळ दुसरीकडे जपून ठेवण्याचं हे काम अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर करावं लागलं. २०१४ साली मायामीजवळ दिसलेल्या प्रवाळ-रोगाने फ्लोरिडाची किनारपट्टी व्यापली, तेव्हा समुद्रातली निरोगी प्रवाळं काढून देशभरच्या मत्स्यालयांत सांभाळायला दिली गेली. २०२३ च्या जुलैत तिथल्या उथळ खाडीत पाणी ३८ अंशांवर तापलं आणि समुद्रातल्या रोपवाटिकांमधली प्रवाळं घाईघाईने जमिनीवरच्या टाक्यांत हलवावी लागली.

घरच्या टाकीलाही अशी दुसरी टाकी लागते, आणि ती आपल्या घरात असून उपयोग नाही. वीज दोन्हींची एकदमच जाते. म्हणून फांदी वीतभर झाली की तिचा बोटभर तुकडा दुसऱ्या गल्लीतल्या मित्राला फुकट द्यावा. आपला हीटर अडकेल त्या दिवशी तो परत मागता येतो.